टाळेबंदीतली हवा



२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली. आमचे घर मुंबईत, शीवच्या हमरस्त्याला लागून. खिडकीच्या गजांवरची काजळी रोज पुसावी लागे. त्या एप्रिलात फडके चार-चार दिवस स्वच्छ राहिले. मोटारींच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्याने घटला होता. जालंधरहून तर धौलाधारची हिमशिखरे दिसली! ओझोन मात्र काही शहरांत उलट वाढला, कारण त्याला खाऊन टाकणारा धूरच नव्हता. सूक्ष्म धूळही पुरती गेली नाही; चुली पेटतच होत्या.

माझ्या दमेकरी नातवाचा पंप कपाटात पडून राहिला. शेजारच्या कामवाल्या बाईंची चूल त्याच दिवसांत थंड होती, म्हणून हे सुख मोठ्याने बोलवेना. पावसाळ्यानंतर रस्ता पुन्हा भरून वाहू लागला, आणि पंप उशाशी आला.