मागून सायकल येतेय!

(मंडळाच्या गणेशोत्सवात, सकाळी फिरणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या सभासदांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



या व्यासपीठावर दरवर्षी संतवाङ्मयावर, इतिहासावर, नाट्यसंगीतावर मोठी माणसं बोलून जातात. त्यामानाने आमचा विषय अगदीच साधा आहे. एकाच वाटेवरून पायी जाणाऱ्यानं आणि सायकलवाल्यानं एकमेकांशी कसं वागावं, एवढंच आम्हाला सांगायचं आहे. ‘यात काय शिकायचं? जन्मभर चालतोच आहोत की!’ असं कुणाच्या मनात आलं असेल, तर गेल्या वर्षीपर्यंत आमच्याही मनात तेच होतं.

आम्ही म्हणजे टिळकवाडी आणि आसपास राहणारे, रोज पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरायला जाणारे काही सभासद. आणि त्याच वाटेनं सायकल चालवणारी आमच्याच घरातली मुलं, मुली, सुना. वर्षापूर्वी हे दोन पक्ष होते आणि एकमेकांकडे बघून मान फिरवत होते. आज एकाच कागदावरून बोलतो आहोत. तो कागद कसा तयार झाला, ते सांगतो.

बेळगावला सायकलीचं वावडं कधीच नव्हतं. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी आपल्या उद्योगाची सुरुवात केली ती याच गावात, सायकलींच्या दुकानानं. नांगर, पंप आणि किर्लोस्करवाडी हे सगळं नंतरचं. आमच्यातल्या सत्तरीच्या मंडळींना तासाच्या भाड्यानं मिळणारी सायकल आठवते, तिच्यावरचा कराचा बिल्ला आठवतो. रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचे आणि डबल सीट दिसली की उतरवायचे. तेव्हा नियम होते आणि धाकही होता. पुढं स्कूटर आल्या, मोटारी आल्या, सायकली अडगळीत गेल्या, आणि त्यांच्याबरोबर त्या रीतीभातीही गेल्या. आता नव्या पिढीनं सायकल परत बाहेर काढली आहे. याचा आम्हाला आनंदच आहे. पण रीतीभाती मात्र अडगळीतच राहिल्या.

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्रभर पाऊस पडून गेला होता, वाटेवर पानांचा थर होता. आमच्यातल्या एक काकू, वय अडुसष्ट, दोघी मैत्रिणींबरोबर गप्पा मारत चालल्या होत्या. तिघी एका ओळीत. मागून पंधरा वर्षांची एक मुलगी सायकलवरून क्लासला निघाली होती. तिनं घंटी वाजवली. दोघी डावीकडे झाल्या, काकू दचकून उजवीकडे झाल्या, आणि मुलगी उजवीकडूनच पुढं जात होती. तिनं ब्रेक दाबला, पानांवरून चाक सरकलं, दोघीही पडल्या. काकूंचं मनगट मोडलं. मुलीच्या हनुवटीला टाके पडले.

दोन्ही घरं आपल्याच मंडळाची. तरी आठवडाभरात बोलणं बंद झालं. एका घरचं म्हणणं, ‘हल्लीच्या मुलांना वेगाचा माज आला आहे.’ दुसऱ्या घरचं म्हणणं, ‘वाट अडवून चालायचं, वर घंटीही ऐकायची नाही!’ गौरीच्या हळदीकुंकवाला एका घरच्या बायका दुसऱ्या घरी गेल्या नाहीत. आणि आम्ही काय केलं? समेट घडवायचा सोडून, सायकलींना या वाटेवर बंदी घालावी असा अर्ज लिहिला. त्यावर आमच्यातल्या बहुतेक सगळ्यांनी सह्या केल्या. आज हे इथं उभं राहून सांगताना बरं वाटत नाही, पण खरं ते सांगायला हवं.

अर्ज घेऊन आम्ही काकूंकडे गेलो. पहिली सही त्यांचीच असावी असं आमच्या मनात होतं. हात प्लास्टरमध्ये होता. त्यांनी अर्ज वाचला आणि बाजूला ठेवला. म्हणाल्या, “पोरीनं घंटी वाजवली होती. मी ऐकली पण. कुठं व्हायचं तेच कळलं नाही. मग बंदी कशाला घालता? आधी कुठं व्हायचं ते ठरवा की.”

मंडळी, सगळं भाषण खरं तर या एका वाक्यात आलं. घंटी वाजली आणि ऐकूही आली. पण तिचा अर्थ काय, हे दोघींमध्ये ठरलेलं नव्हतं. मुलीच्या मनात अर्थ होता, ‘बाजूला व्हा.’ काकूंच्या मनात अर्थ होता, ‘जीव वाचवा.’ आम्ही अर्ज तिथंच सोडला आणि घंटीचा अर्थ ठरवायला बसलो.

पहिल्यांदा आम्ही नुसतं पाहिलं. मागून घंटी वाजली की माणूस वळून बघतो, आणि ज्या बाजूला मान वळते त्याच बाजूला त्याचं पाऊलही जरासं सरकतं. तो मुद्दाम आडवा येत नाही, शरीरच तसं वळतं. दुसरी गोष्ट कानाची. वय वाढतं तसं कान आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज सोडून देतात, आणि आवाज कुठल्या बाजूनं आला तेही नीट कळेनासं होतं. सायकलच्या घंटीचा आवाज नेमका उंच पट्टीतला. त्यामुळे ‘तीन वेळा वाजवली तरी सरकत नाहीत’ म्हणून चिडण्याआधी मुलांनी हे लक्षात घ्यावं की आजोबांना कदाचित एकदाही ऐकू आलेली नसेल.

तिसरी गोष्ट हिशेबाची. ताशी १५ किलोमीटर हा काही सायकलीचा फार वेग नव्हे. पण त्या वेगानं सायकल एका सेकंदात चार मीटरपेक्षा जास्त पुढं जाते. समोर काही दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातोच. त्यानंतर थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी तीन मीटर धरा. म्हणजे झाले सात मीटर. ओल्या पानांवर त्याहून कितीतरी जास्त. वेग ताशी ८ किलोमीटरवर आणला, तर हेच अंतर तीन मीटरवर येतं. शिवाय वेग दुप्पट झाला की धक्क्यातली शक्ती चौपट होते. तरुण माणूस कपडे झटकून उठतो. साठीच्या पुढचं हाड मात्र तेवढ्यात मोडतं, आणि पडण्याची भीती बसली की माणूस घराबाहेर पडायचाच थांबतो. काकूंचं मनगट दीड-दोन महिन्यांत जुळलं. पुन्हा फिरायला यायला त्यांना संक्रांत उजाडली.

यावरून आम्ही जे ठरवलं ते असं.

सायकलवाल्यांसाठी. पायी चालणाऱ्याचा मान पहिला, कारण ज्याच्याकडे वेग आहे त्याच्याकडे इजा करण्याची ताकदही आहे. माणसं दिसली की आधी वेग कमी करायचा आणि मग घंटी वाजवायची. घंटी वाजवून त्याच वेगानं घुसायचं नाही. दहा मीटर आधी, म्हणजे दोन मोटारी एकामागे एक उभ्या राहतील एवढ्या अंतरावरून, एकदाच हलकी घंटी आणि तोंडानं स्पष्ट हाक, “मागून सायकल येतेय!” ‘उजवीकडून’ असं ओरडायचं नाही. आम्ही करून पाहिलं, ‘उजवीकडून’ ऐकलं की निम्मी माणसं उजवीकडेच सरकतात. पुढं जायचं ते नेहमी उजव्या बाजूनं, हातभर अंतर सोडून. तेवढी जागा नसेल तर मागं थांबायचं. गर्दी असेल तर सरळ उतरून सायकल हातात धरायची. त्यात कमीपणा नाही. पुढं गेल्यावर “धन्यवाद आजोबा” म्हणायला पैसे पडत नाहीत.

चालणाऱ्यांसाठी. अशा सामाईक वाटेवर डावी बाजू धरायची. इथं एक घोटाळा होतो तो सांगतो. जिथं पदपथ नाही अशा मोटारींच्या रस्त्यावर उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चालावं, हे बरोबरच आहे. पण चालणारे आणि सायकलवाले मिळून वापरतात त्या वाटेवर सगळ्यांनी डावीकडून जावं, म्हणजे मागून येणाऱ्याला उजवी बाजू मोकळी मिळते. दुसरं, दोघांपेक्षा जास्त जणांनी एका ओळीत चालू नये. पदपथाची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर असावी, असं इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तिघं शेजारी शेजारी चालले की तेवढी रुंदी संपलीच. गप्पा रंगल्या असतील तर कडेला थांबून माराव्यात, मधोमध नव्हे. एका कानात तरी इयरफोन नसावा. कुत्र्याची दोरी आखूड धरावी आणि नातवंडाचा हात डाव्या, आतल्या बाजूनं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, काकूंच्या प्रश्नाचं उत्तर. ‘मागून सायकल’ असं ऐकलं की उडी मारायची नाही, गोल फिरायचं नाही. आहे त्या रेषेत सरळ चालत राहायचं. हवं तर हात वर करून ‘ऐकलं’ एवढं कळवायचं. बाजूला व्हायचं काम चालणाऱ्याचं नाही, वाट काढायचं काम सायकलवाल्याचं. चालणाऱ्यानं फक्त आपली रेष सोडायची नाही.

पावसाळ्यापुरतं आणखी दोन शब्द. आपल्याकडे पाऊस सुरू झाला की महिनोन्महिने रस्ता कोरडा होत नाही. रिमवर घासणारे ब्रेक ओले झाले की पहिल्या एक-दोन फेऱ्यांत नीट पकडत नाहीत, म्हणून ते आधीपासून हलके दाबावेत. शेवाळ आणि पानं दिसली तर हॅन्डल वळवता वळवता ब्रेक मारू नये. पहाटे अंधार असताना सायकलला पुढं पांढरा आणि मागं लाल दिवा हवाच. चालणाऱ्यांनीही गडद शाल लपेटून अंधारात मिसळून जाऊ नये. विजेच्या सायकली आल्या आहेत. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग असेल तर तिला नोंदणी लागत नाही की परवाना लागत नाही. पण ती वजनाला जड असते आणि आवाजही करत नाही. ती चालवणाऱ्यानं दुप्पट जपावं.

आमच्यातल्या अनेकांची मुलं परदेशात आहेत, त्यांनाही आम्ही विचारलं. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ पासून हे तत्त्व स्पष्ट लिहिलं आहे, की जो जास्त इजा करू शकतो त्याची जबाबदारी जास्त. मागून वेगानं आणि अगदी जवळून जाऊ नका, पुढच्याला ऐकू किंवा दिसू येत नसेल हे ध्यानात ठेवा, असंही त्यात आहे. जपानमध्ये तर पदपथावरच्या माणसांना बाजूला सारण्यासाठी घंटी वाजवणं कायद्यात बसत नाही. तिथं सायकलवाल्यानंच थांबायचं. म्हणजे काकूंनी घरबसल्या जे सांगितलं, तेच या देशांनी लिहून ठेवलं आहे.

आता शेवटचं. अर्ज आम्ही मागं घेतला. सगळ्यांना ते पटलं असं नाही. ‘आज मनगट गेलं, उद्या डोकं जाईल’ असं म्हणणारे आमच्यात अजून आहेत आणि त्यांची काळजी खोटी नाही. म्हणून तर हा कागद छापून सोसायट्यांच्या फळ्यांवर लावला आहे. पण कागदानं सगळं होत नाही. संक्रांतीला ती मुलगी आईबरोबर तिळगूळ घेऊन काकूंच्या दारात गेली. काय बोलणं झालं ते आम्ही विचारलं नाही. त्यानंतरच्या सोमवारी काकू फिरायला आल्या, डाव्या कडेनं, हातात काठी. मागून आवाज आला, “आजी, मागून सायकल येतेय!” काकूंनी वळून पाहिलं नाही. काठीचा हात वर केला आणि सरळ चालत राहिल्या. मुलगी हळूच उजवीकडून पुढं गेली.

परवा अनंत चतुर्दशी. कपिलेश्वर तलावाच्या वाटेवर मुंगीला पाय ठेवायला जागा नसेल. त्या दिवशी सायकली घरीच ठेवा, पोरांचे हात धरा, म्हाताऱ्यांना मधे घ्या. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे झाडीत भेटूच, कुणी पायी, कुणी सायकलवरून.

गणपती बाप्पा मोरया!