नोहाचा तंबू
(महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या मंगल दिवशी मद्यपानासारखा विषय व्याख्यानास घ्यावा, हे आपणांपैकी कित्येकांस रुचणार नाही. आज जो तो पूर्वजांचे गुण गात आहे, आणि ते गावयासच पाहिजेत. तथापि पवित्र शास्त्राची रीत निराळी आहे. ज्या पूर्वजांची ते मुक्तकंठाने स्तुती करते, त्यांचे पतनही ते त्याच शाईने लिहून ठेवते.

नोहाचेच पाहा. उत्पत्तिग्रंथाचा सहावा अध्याय त्याला आपल्या पिढीतील नीतिमान व निर्दोष पुरुष म्हणतो. जलप्रलय आला तेव्हा त्याचे वय सहाशे वर्षांचे होते. त्याने तारू बांधले, घरच्या माणसांस वाचविले, कोरड्या भूमीवर पाऊल ठेवताच वेदी उभारली. आणि नवव्या अध्यायात हाच पुरुष द्राक्षमळा लावतो, द्राक्षारस पितो आणि आपल्या तंबूत उघडा पडतो. ग्रंथकार सबब सांगत नाही, उपदेशही करीत नाही. दोन ओळींत सारे सांगून मोकळा होतो.

पुढील काळच्या आचार्यांस मात्र हे सहज गिळता आले नाही. चौथ्या शतकातील संत योहान क्रिसोस्तोम ह्यांनी उत्पत्तिग्रंथावरील आपल्या प्रवचनांत नोहाची बाजू घेतली आहे. द्राक्षारस चाखणारा तो पहिलाच मनुष्य. किती प्यावे हे त्यास कोण सांगणार, असा त्यांचा अभिप्राय. संत जेरोम इतके मवाळ नाहीत. सहाशे वर्षे संयमाने झाकून ठेवलेले एका घटकेच्या नशेने उघडे केले, अशा अर्थाचे ते एका पत्रात लिहितात. मला संत जेरोमांचे म्हणणे अधिक उपयोगाचे वाटते. नोहा पुरात तरला आणि प्याल्यात बुडाला. वादळ चालू असता त्याची शुद्ध हरपली नाही; काम संपले, धोका टळला, अंगणात वेल फळास आली, तेव्हा तो पडला. आपल्या घरांतूनही हेच घडते. कष्टाच्या दिवसांत ज्याने थेंबास स्पर्श केला नाही, तो सुखाचे दिवस येताच घसरतो, आणि घरच्यांस त्याचा उलगडा होत नाही.

यहुदी लोकांच्या परंपरेत ह्या प्रसंगावर एक मार्मिक आख्यायिका आहे. नोहा वेल लावीत असता सैतान तेथे आला व भागीदारी मागू लागला. त्याने कोकरू, सिंह, वानर आणि डुक्कर ह्यांस मारून त्यांचे रक्त वेलीच्या मुळाशी घातले. मनुष्य थोडा पितो तेव्हा कोकरासारखा गरीब असतो. पुढे सिंहासारखा गुरगुरतो, वानरासारखे चाळे करतो, आणि शेवटी चिखलात लोळतो. ही कथा शास्त्रातील नव्हे; परंतु सांगणाऱ्याने आपले शेजारी नीट न्याहाळले होते, इतके खास!

आता तंबूच्या दाराकडे वळू. मला विचाराल तर ह्या कथेत प्याल्यापेक्षा ते दार अधिक महत्त्वाचे आहे. हाम आत डोकावला, त्याने बापाची दशा पाहिली आणि बाहेर जाऊन भावांस सांगितले. शेम आणि याफेथ ह्यांनी वस्त्र घेतले, ते दोघांच्या खांद्यांवर ठेवले, पाठमोरे चालत आत गेले आणि तोंड फिरवूनच बापास झाकले. नोहाच्या नशेस ग्रंथकाराने जितके शब्द दिले, त्याहून अधिक ह्या पाठमोऱ्या पावलांस दिले आहेत. मायकेल अँजेलो ह्याने 1508 ते 1512 ह्या काळात रोमच्या सिस्टिन चॅपेलचे छत रंगविले. त्यातही हा प्रसंग आहे, आणि मुख्य दाराने आत शिरणाऱ्याच्या डोक्यावर छताच्या मधल्या नऊ चित्रांपैकी पहिले चित्र तेच येते. पोपमहाशयांची निवड करण्यास जमणारे कार्डिनल त्याच छताखाली बसतात.

नोहा जागा झाला आणि त्याने शाप दिला. शास्त्रात नोंदलेले नोहाचे हे पहिलेच शब्द आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तारू बांधताना तो बोलला नाही, प्रलयात बोलला नाही. बोलला तो नशा उतरल्यावर. आणि शाप पडला कोणावर? हामवर नव्हे, तर त्याचा पुत्र कनान ह्याच्यावर. भाष्यकारांनी ह्यावर डोके पुष्कळ शिणविले आहे. मागील शतकांत काहींनी तर ह्याच वचनाच्या आधारे आफ्रिकेतील लोकांच्या गुलामगिरीचे समर्थन केले. मूळ वचनात त्यास लवमात्र आधार नाही. कनानलाच शाप का, हे मी उलगडू शकत नाही. परंतु मद्यप्याच्या घरात जो वाढला, त्याला ही ओळ वाचून नवल वाटणार नाही. प्याला आजोबाचा, अपराध बापाचा आणि भोग नातवाच्या वाट्यास.

झाकणे म्हणजे लपविणे काय? तसे नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात अबीगईल नावाची सुज्ञ स्त्री आहे. तिचा पती नाबाल गडगंज. तीन हजार मेंढरे, हजार शेळ्या. त्याने दावीदाच्या माणसांचा अपमान केला आणि दावीद चारशे माणसे घेऊन त्याचे घर निर्वंश करण्यास निघाला. पतीस न कळविता अबीगईलने दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, रांधलेली पाच मेंढरे व इतर सामग्री गाढवांवर लादली, वाटेत दावीदास गाठले आणि अनर्थ टाळला. घरी येऊन पाहते तो नाबाल राजासारखी मेजवानी झोडून झिंगलेला! सकाळ उजाडेपर्यंत ती त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही. सकाळी त्याची नशा उतरल्यावर तिने सारे सांगितले. तिने काही दडविले नाही; फक्त वेळ निवडली. त्या रात्री ती कोठे बसली असेल, हे शास्त्र सांगत नाही. पण बंधूंनो, आपल्या घरांतील किती माता-भगिनी अशीच रात्र उजाडण्याची वाट पाहत बसतात! आणि अबीगईलच्या बोलण्याने नाबाल सुधारला असेही नाही. त्याचे काळीज दगडासारखे झाले व सुमारे दहा दिवसांनी तो मेला.

उलट, कधी कधी कठोर शब्दच औषध ठरतो. संत मोनिका लहानपणी पिंपातून द्राक्षारस काढावयास जात असे व ओठ लावून चाखीत असे. चाखता चाखता भरल्या पेल्यांपर्यंत मजल गेली. एके दिवशी दासीशी भांडण झाले आणि तिने ह्या लहान मालकिणीस तोंडावर दारुडी म्हटले. तो शब्द लागला आणि सवय सुटली. हे तिच्या पुत्रानेच, संत ऑगस्टीन ह्यांनी, आपल्या ‘कन्फेशन्स’ ग्रंथाच्या नवव्या भागात लिहून ठेवले आहे. दासीला बरे करावयाचे नव्हते, डिवचावयाचे होते, हेही ते लिहितात. देवाने दासीचा राग कामी लावला.

शुद्धीत असलेल्यांनी फार गर्व करू नये. दावीद राजाने आपले पाप झाकण्यासाठी उरीयास बोलावून मद्य पाजले. पाजलेला उरीया घरी गेला नाही; रणात असलेल्या सोबत्यांस स्मरून चाकरांबरोबर दाराशी निजला. त्याच्या मृत्यूचे पत्र लिहिणारा दावीद मात्र पूर्ण शुद्धीत होता. शिलो येथे हन्ना ओठ हलवीत मूकपणे रडत होती. एली याजकाने तिला प्यालेली समजून दटावले. चूक कळताच त्याने तिला आशीर्वाद दिला, हे त्याचे मोठेपण.

ख्रिस्तसभेने द्राक्षारसास कधी पाप म्हटलेले नाही. काना गावच्या लग्नात सहा दगडी रांजण होते. त्यांतील पाण्याचे मोजमाप केले तर ते सुमारे पाचशे ते सातशे लिटर भरते, आणि त्याचा उत्तम द्राक्षारस झाला! परंतु त्याच ख्रिस्तसभेत, करिंथ येथे, प्रभुभोजनास जमलेल्यांपैकी एक उपाशी तर दुसरा झिंगलेला, असे पाहून संत पौलाने खडसावले. मद्यपींना देवाच्या राज्याचे वतन मिळणार नाही, असे त्याने त्याच पत्रात लिहिले, आणि लागलीच स्मरण दिले की तुम्हांपैकी कित्येक असेच होते. असेच होते, आणि तरी ते पंक्तीत बसले होते.

पंक्तीतून कोणी उठून जाऊ नये म्हणून ख्रिस्तसभा किती जपते, ह्याचे एक उदाहरण आपणांपैकी थोड्यांस ठाऊक असेल. मिस्सेस द्राक्षाचाच रस लागतो, त्यात तडजोड नाही. परंतु ज्या धर्मगुरूस मद्याचे व्यसन जडले होते, त्यास वेदीवरील एक घोटही घातक ठरू शकतो. त्याने काय करावे? अशास महागुरुस्वामींच्या परवानगीने ‘मुस्तुम’, म्हणजे मद्य होऊ न देता राखलेला द्राक्षांचा रस, वापरता येतो. 24 जुलै 2003 रोजी रोमहून निघालेल्या पत्रात हे स्पष्ट केलेले आहे. वेदीपुढे उभ्या राहणाऱ्याचीही दुर्बलता तेथे गृहीत धरलेली आहे, आणि त्याला वेदीवरून उतरविलेले नाही.

नोहा जलप्रलयानंतर तीनशे पन्नास वर्षे जगला. त्याचे नाव पुढे यहेज्केलाच्या ग्रंथात येते, बेन सिराच्या ग्रंथात येते, संत पेत्राच्या पत्रात येते. सर्वत्र नीतिमान म्हणून. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासवीरांची मालिका आहे. तीत हाबेल व हनोख ह्यांच्या पाठोपाठ नोहा उभा आहे. त्याचा विश्वास आहे, तारू आहे, वाचलेले घरदार आहे. द्राक्षमळ्याचा उल्लेख तेथे नाही.