कोर्टाची किल्ली कुणाकडे?

क्लबांचे आणि संघटनांचे पदाधिकारी, प्रशिक्षक बंधुभगिनींनो, आणि खुर्च्या अपुऱ्या पडल्या म्हणून मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या मुलींनो,

अध्यक्षपदाचा मान दिलात, मी ऋणी आहे. पण मान मिळाला म्हणून गोड बोलणं मला जमणार नाही. आज सकाळपासून इथे तीन भाषणं झाली आणि तिन्हींत एक वाक्य आलं: "स्क्वॉशमध्ये महिला पुढे येत नाहीत." चाळीस वर्षं मी हे वाक्य ऐकते आहे. आज त्याचा निकाल लावायला मी उभी आहे.

माझे वडील मार्कर होते. नव्या मुलींना हा शब्द माहीत नसेल. कोर्ट झाडायचं, सभासदांचे गुण मोजायचे, रॅकेटच्या तारा ओढायच्या आणि कुणाला जोडीदार मिळाला नाही की स्वतः समोर उभं राहायचं, हे सगळं करणारा क्लबातला नोकर म्हणजे मार्कर. या देशातल्या कित्येक खेळाडूंचे पहिले गुरू हे मार्करच. कोर्टाची किल्ली बाबांच्या कमरेला असायची, पण कोर्टावर त्यांच्या घरच्यांचा हक्क नव्हता. सोमवारी क्लब बंद असे. १९७४ साली, मी ११ वर्षांची असताना, एका सोमवारी पहाटे त्यांनी मला आत नेलं. लाकडी रॅकेट माझ्या हातात जड होती. चेंडू भिंतीवर आपटून मेल्यासारखा खाली पडायचा आणि मला रडू यायचं. बाबा म्हणायचे, "घाई करू नको. चेंडू आधी तापू दे."

असे पाच सोमवार झाले. सहाव्या सोमवारी एका सभासदाने पाहिलं. बाबांना बोलावून समज देण्यात आली: मार्करच्या घरचं माणूस कोर्टात दिसता कामा नये, आणि मुलगी तर नाहीच. त्यानंतर २३ वर्षं मी कोर्टात पाऊल ठेवलं नाही. त्या क्लबाचं नाव मी घेणार नाही, कारण भांडण एका क्लबाशी नाही. पण "महिला पुढे येत नाहीत" म्हणणाऱ्यांना मी सांगते, मी पुढे आले होते. मला परत पाठवलं गेलं.

आता इतिहास काढा. १९२२ साली लंडनच्या क्वीन्स क्लबात महिलांची स्क्वॉश अजिंक्यपद स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात जॉइस केव्हने नॅन्सी केव्हला हरवलं. दोघी सख्ख्या बहिणी. तीच पुढे महिलांची ब्रिटिश ओपन म्हणून ओळखली गेली. पुरुषांची ब्रिटिश ओपन सुरू व्हायला १९३० साल उजाडलं. म्हणजे आठ वर्षं आधी बायका तिथे होत्या! १९२८ साली अमेरिकेची पहिली महिला राष्ट्रीय विजेती ठरलेली एलिओनोरा सीअर्स ४६ वर्षांची होती. "आता या वयात काय" म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी हे वय लिहून ठेवावं. ऑस्ट्रेलियाच्या हीदर मॅके यांनी १९६२ ते १९७७ सलग १६ वेळा ब्रिटिश ओपन जिंकली आणि उभ्या कारकिर्दीत त्या फक्त दोन सामने हरल्या.

आपल्याकडे या. भुवनेश्वरी कुमारींनी १९७७ ते १९९२ सलग १६ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. तो विक्रम जोश्ना चिनप्पाने १७वं विजेतेपद जिंकून मोडला, तो २०१९ साली आपल्या पुण्यात. राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला स्क्वॉशचं पहिलं सुवर्ण २०१४ साली ग्लासगोत मिळालं, ते जोश्ना आणि दीपिका पल्लिकल या दोघींनी दुहेरीत जिंकलं. जुळ्यांना जन्म दिल्यावर सहा महिन्यांत, २०२२ साली, दीपिकाने जागतिक दुहेरीत दोन सुवर्णपदकं घेतली. २०२५च्या डिसेंबरात चेन्नईत भारताने स्क्वॉशचा विश्वचषक पहिल्यांदा जिंकला. त्या स्पर्धेत प्रत्येक लढतीला दोन पुरुष आणि दोन महिला उतरतात. आपल्या दोघी होत्या ३९ वर्षांची जोश्ना आणि १७ वर्षांची अनाहत सिंग. या आकड्यांनंतरही कुणाला बायकांच्या कुवतीवर चर्चा करायची असेल, तर ती त्याने घरी जाऊन करावी.

पण ही नावं घेऊन टाळ्या वाजवणाऱ्या पदाधिकाऱ्यांनाही मी सोडणार नाही. चार विजेत्यांच्या तसबिरी भिंतीवर लावल्या की तुमचं काम संपतं का? मूठभर खेळाडूंच्या जोरावर देश जिंकतो आणि शेकडो कोर्टांत एकही मुलगी नसते. दोष शोधायचा तर या खेळाच्या नियमांतच शोधू या.

टेनिसमध्ये दोघांच्या मध्ये जाळी असते. स्क्वॉशमध्ये दोघं एकाच खोलीत असतात, ९.७५ मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद. म्हणून या खेळाने एक नियम केला: स्वतःचा फटका मारून झाला की बाजूला व्हा. समोरच्याला चार गोष्टी मिळाल्याच पाहिजेत. चेंडूपर्यंत जायला सरळ वाट, चेंडू नीट दिसेल अशी नजर, रॅकेट फिरवायला जागा आणि समोरच्या भिंतीवर हव्या त्या ठिकाणी मारण्याची मोकळीक. जो आडवा येतो त्याच्याविरुद्ध 'लेट' मिळतो, म्हणजे रॅली पुन्हा खेळायची. जिंकणारा फटका अडवला तर 'स्ट्रोक', म्हणजे गुण सरळ समोरच्याला. हाच नियम मी आज क्लबांना, संघटनांना आणि सोसायट्यांना लावते.

पहिली गोष्ट, वाट. महिलांसाठी राखीव वेळ आहे, असं क्लब अभिमानाने सांगतात. कधी? दुपारी बारा ते दोन. त्या वेळी नोकरी करणारी बाई कचेरीत असते, शिकणारी मुलगी वर्गात असते आणि घरातली बाई ताटं वाढत असते. ही वेळ तुम्ही दिलेली नाही, कुणालाच नको म्हणून उरली होती. मुंबईत ५ मे १९९२ रोजी चर्चगेटहून बोरिवलीला पहिली लेडीज स्पेशल सुटली. ती गर्दीच्या वेळी धावते, म्हणूनच तिला अर्थ आहे. दुपारी दोनला रिकाम्या रुळांवर सोडली असती, तर आज ती कुणाला आठवलीही नसती. कोर्टाची राखीव वेळ सकाळी सहा ते आठ किंवा संध्याकाळी सहा ते आठ अशीच हवी.

आणि सोसायट्या! पुण्यात, ठाण्यात, नवी मुंबईत घर विकताना जाहिरातपत्रकावर स्क्वॉश कोर्टाचा फोटो असतो. ताबा मिळाल्यावर त्या कोर्टात जाऊन पाहा. मोडक्या खुर्च्या, गणपतीच्या मखराचं सामान, लहान मुलांच्या सायकली. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन म्हणतो सेक्रेटरीला विचारा, सेक्रेटरी म्हणतात पुढच्या सभेत बघू. लाकडी फरशीवर ओल चढते आहे आणि त्याच इमारतीत तेरा वर्षांची मुलगी पार्किंगमध्ये खांबावर चेंडू मारते आहे.

दुसरी गोष्ट, नजर. जे दिसत नाही ते खेळावंसं वाटत नाही. महिलांच्या स्क्वॉशमध्ये आज इजिप्तचा दबदबा का आहे? रनीम अल-वलिली २०१५ साली जागतिक क्रमवारीत पहिली आली. कुठल्याही खेळात तिथवर पोचलेली ती पहिली अरब महिला. तिच्या देशबहिणीने, नूर अल-शेर्बिनीने, आठ जागतिक विजेतेपदं जिंकली आहेत. कैरोच्या आणि अलेक्झांड्रियाच्या क्लबांत या विजेत्या जिथे सराव करतात, तिथेच शेजारच्या कोर्टात दहा वर्षांच्या मुली खेळतात. त्यांना मोठेपण रोज डोळ्यांसमोर दिसतं, घामाने निथळलेलं, हरल्यावर चिडलेलं, हाताच्या अंतरावर.

आणि आपण काय पाहिलं? १६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी स्क्वॉशला मान्यता मिळाली. किती दशकं हा खेळ त्या दारावर उभा होता! दार उघडलं ते आपल्या शहरात, आणि आपण गल्लोगल्ली फक्त क्रिकेटबद्दल बोललो. गोव्याची आकांक्षा साळुंखे आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळते. या सभागृहातल्या किती जणींनी तिचा एक तरी सामना पाहिला आहे? हात वर करा. पाहा, मोजायला एक हात पुरे.

तिसरी गोष्ट, हात फिरवायला जागा. पैसा ही जागा आहे. २०१५च्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुष विजेत्याला १ लाख २० हजार रुपये आणि महिला विजेतीला ५० हजार. दीपिका पल्लिकल त्या वेळी देशातली सगळ्यात नावाजलेली खेळाडू. २०१२ ते २०१५ ती राष्ट्रीय स्पर्धेत उतरली नाही, आणि का उतरत नाही ते तिने उघड सांगितलं. लोक म्हणाले, गर्विष्ठ आहे. २०१६ साली बक्षीस समान झालं, ती आली आणि जिंकून गेली. अमेरिकन ओपनने २०१३ सालीच समान रक्कम दिली होती. आजही जिल्ह्याच्या स्पर्धेत मुलाला ट्रॉफी आणि पाकीट, मुलीला ट्रॉफी आणि पुष्पगुच्छ, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहते. पुष्पगुच्छाने बूट विकत घेता येत नाहीत.

शिकवण्यातही हीच कंजुषी. पहिल्याच दिवशी मुलीच्या हातात दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू देतात. तो व्यावसायिक खेळाडूंचा चेंडू. जोरकस फटके खाऊन तापल्याशिवाय तो उसळतच नाही. नवशिक्यांसाठी निळ्या आणि लाल ठिपक्याचे चेंडू असतात, ते कुणी आणत नाही. चार दिवसांत ती म्हणते, "माझ्या हातात ताकद नाही." प्रशिक्षक मान डोलावतो आणि पाचव्या दिवशी ती येत नाही. मग नोंदवहीत लिहिलं जातं, आवड नाही! समोरच्या भिंतीच्या तळाशी टिनची पट्टी असते, चेंडू तिच्या वरच लागावा लागतो. व्यावसायिक महिलांनाही २०१५ पर्यंत ४८ सेंटिमीटर उंचीच्या टिनवर खेळावं लागे. त्या वर्षी ते पुरुषांइतकंच ४३ सेंटिमीटरवर आणलं, आणि भिंतीच्या तळाशी चेंडू ठेवण्याची आक्रमक चाल बायकांच्या खेळात फुलली. पाच सेंटिमीटरनी खेळ बदलतो. साधन बदला, मग ताकदीची भाषा करा.

चौथी गोष्ट, समोरची सगळी भिंत. मुलींनी खेळावं हे तुम्हाला एक वेळ चालतं. पण प्रशिक्षक कोण, पंच कोण, निवड समितीत कोण, वेळापत्रक कोण ठरवतो? त्या खोलीत बाई असते ती चहाच्या ट्रेबरोबर, नाहीतर बक्षीस समारंभाच्या तबकाबरोबर. माझ्या शाळेतल्या दोन मुलींनी खेळ सोडला तो सरावाच्या त्रासाने नव्हे. कपडे बदलायला खोली नव्हती, संध्याकाळी परतायला सोबत नव्हती आणि बोलायला एकही बाई प्रशिक्षक नव्हती. निर्णयाच्या खोलीत एक जरी बाई असती, तर या तिन्ही गोष्टी पहिल्याच बैठकीत निघाल्या असत्या.

आता माझ्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे वळते. लेट आपोआप मिळत नाही. मागावा लागतो, लगेच आणि मोठ्याने. आणि चेंडूकडे धावण्याचा प्रयत्न केला नसेल, तर पंच तो नाकारतो. आपण मागितला का? सोसायटीच्या सभेत आपण गप्प बसतो. मुलीची दहावी आली की रॅकेट माळ्यावर टाकतो, मुलाची दहावी आली तर म्हणतो, खेळल्याने डोकं ताजं राहतं. ती माळ्यावरची रॅकेट आपल्या हातांनी ठेवलेली आहे.

कोर्टात दोघी मावतात, पण दोघींवर खेळ टिकत नाही. एक आजारी पडली, एकीची बदली झाली, की संपलं. दहा जणी हव्यात. आणि दहा जणी जमवणं आपल्याला कुणी शिकवायला नको. भिशी आपण चालवतो, भजनी मंडळ आपण चालवतो, एकमेकींच्या घरची बाळंतपणं आपण निभावली आहेत. तीच वीण इथे लावा. दहा जणींनी महिन्याला ठरावीक रक्कम काढावी. एका महिन्यात दोन रॅकेट, पुढच्यात चेंडू आणि डोळे सांभाळणारे चष्मे, त्यापुढे प्रशिक्षिकेचं मानधन. एक खेळत असताना दुसरीने तिचं मूल सांभाळावं. दर महिन्याला एकीने नवी मैत्रीण आणावी आणि घरकाम करणाऱ्या मावशींच्या मुलीला त्यातून वगळू नये. तिला वगळलं, तर माझ्या बाबांना समज देणाऱ्या सभासदात आणि तुमच्यात काही फरक उरणार नाही.

पदाधिकाऱ्यांनो, इथे चार ठराव मांडले जातील. गर्दीच्या वेळी महिलांसाठी कोर्ट. महापालिका शाळांतल्या मुलींना सभासदत्वाशिवाय प्रवेश. प्रत्येक स्पर्धेत समान बक्षीस. प्रत्येक समितीत खेळलेल्या महिला, नावापुरती एक नाही. हात वर करून ते मंजूर होतील, हे मला ठाऊक आहे. ठराव मंजूर करायला आपल्याकडे कधीच अडचण येत नाही.

म्हणून मला ठरावाची प्रत नको. माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या पेटीत एक रॅकेट आणि एक रिकामी कडी सापडली. त्या कडीत पूर्वी कोर्टाची किल्ली असायची. ती कडी मी आज बरोबर आणली आहे आणि इथे, या टेबलावर ठेवते आहे. ज्या क्लबाला, ज्या सोसायटीला आजचं भाषण पटलं असेल, त्यांनी टाळी वाजवू नये. जाताना एक जादा किल्ली करून या कडीत अडकवण्याचा शब्द द्यावा.

आज रविवार आहे. उद्या सोमवार. पहाटे सहा वाजता माझ्या शाळेतल्या चौदा मुली रॅकेट घेऊन निघतील आणि मी त्यांच्याबरोबर असेन. कुठल्या दाराशी यायचं, ते आता तुम्ही सांगा.