सौजन्याचा आकडा
(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यातील भाषण)



पानिपत हा शब्द मराठी माणूस गावाचे नाव म्हणून क्वचितच उच्चारतो. त्याच्या लेखी ते सर्वनाशाचे दुसरे नाव आहे. परंतु १४ जानेवारी १७६१ रोजी तलवारी भिडल्या, त्याआधी सुमारे अडीच महिने त्या भूमीवर एक वेगळेच युद्ध चालू होते. ते दाण्यागोट्याचे युद्ध होते. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतला, तेव्हा धान्य हाती आले. पण त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीची वाट अडली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची मोठी आशा मावळली. छावणीत लढवय्ये होते, तसेच त्यांची कुटुंबे, यात्रेकरू, व्यापारी आणि नोकरचाकर होते. घोडे आणि बैलही होते. कोठार आटत चालले होते. आधी कोणाला द्यावे? लढणाऱ्या शिपायाला, त्याच्या घोड्याला, की तंबूतल्या लेकराला?

साधन थोडे आणि मागणारे फार, असा प्रसंग आला की अग्रक्रम ठरवावाच लागतो. आज शाळेच्या संगणककक्षात हाच प्रश्न दर क्षणाला उभा राहतो आणि सुटतोही. प्रक्रियक एक असतो. त्यापुढे कामे शेकडो असतात. कोणी निकालपत्रक तयार करीत असतो, मागे जुन्या नोंदींची प्रत काढली जात असते, कुठे एखादी चित्रफीत रूपांतरित होत असते. कोणाला किती वेळ द्यायचा हे कार्यप्रणालीतील नियोजक ठरवतो. पण माणसालाही त्याला दोन शब्द सांगता येतात. लिनक्ससारख्या युनिक्स कुळातील प्रणालींत कमांड लाइनवर ते सांगण्याची आज्ञा आहे, तिचे नाव ‘नाइस’. नाइस म्हणजे सौजन्यशील.

या नावातच सारे मर्म आहे. प्रत्येक कामाला सौजन्याचा एक आकडा असतो. तो उणे २० पासून १९ पर्यंत असतो आणि न सांगता मिळणारा आकडा शून्य. आकडा जितका मोठा, तितके ते काम इतरांना वाट देणारे. काम सुरू करतानाच आकडा सांगायचा असेल तर ‘नाइस’. आकडा न सांगता नुसते ‘नाइस’ म्हटले तर सौजन्य १० ने वाढते. काम चालू असताना आकडा बदलायचा असेल तर ‘रीनाइस’. त्यासाठी त्या कामाचा क्रमांक हवा आणि तो ‘पीएस’ किंवा ‘टॉप’ या आज्ञा दाखवतात. लिनक्सवर एकाच प्रक्रियकासाठी शून्य आणि पाच अशा आकड्यांची दोन कामे झगडू लागली, तर पहिल्याला सुमारे तीन चतुर्थांश वेळ मिळतो आणि दुसऱ्याला एक चतुर्थांश. आकडा १९ असला तर शून्यवाल्यासमोर त्याच्या वाट्याला शेकडा दीडच्या आसपास वेळ येतो. तो वाटा अगदी थोडा खरा, पण त्याचे ताट कोणी उचलून नेत नाही. आणि गर्दी नसेल, तर त्याच १९ आकड्याच्या कामाला सगळा प्रक्रियक मोकळा मिळतो. अग्रक्रमाचा प्रश्न टंचाईतच उभा राहतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. सगळ्याच अडचणी प्रक्रियकाच्या नसतात. काम चकतीवरील वाचन-लेखनाच्या रांगेत अडकले असेल, तर प्रक्रियकावर त्याला पुढे ढकलून काय उपयोग? त्यासाठी लिनक्सवर ‘आयोनाइस’ ही वेगळी आज्ञा आहे. म्हणून टंचाई नेमकी कशाची आहे, हे आधी ओळखावे. पानिपतावर शौर्याची टंचाई नव्हती, धान्याची आणि चाऱ्याची होती. शिवाय अग्रक्रम ठरवण्याची वेळही महत्त्वाची. कुटुंबे आणि अवजड सामान मागे सुरक्षित ठिकाणी ठेवावे, असा सल्ला सूरजमल जाटाने भाऊसाहेबांना दिला होता, असे इतिहासकार सांगतात. ते ‘नाइस’ होते, सुरुवातीचे. वाट अडल्यावर ‘रीनाइस’ करायला जागाच उरली नाही. उलट, अब्दालीने राखीव फौज मागे ठेवली होती आणि ऐन दुपारी ती पुढे आणली. अर्थात तुलना इथेच थांबते. संगणकातील कामाला भूक नसते. तंबूतल्या लेकराला कोणता आकडा द्यायचा, हे कोणतीही आज्ञा सांगू शकत नाही.

आता या व्यवस्थेतील सर्वांत विचार करायला लावणारा नियम. सामान्य वापरकर्त्याला आपल्या कामाचे सौजन्य वाढवता येते. कमी करता येत नाही. स्वतःहून मागे सरकता येते, पण एकदा सरकल्यावर पुन्हा पुढे यायचे तर एरवी प्रशासकाचाच अधिकार लागतो. नियम योग्यच आहे, नाहीतर प्रत्येक जण स्वतःला उणे २० वर नेऊन बसवील आणि जिथे सगळेच पहिले, तिथे पहिले कोणीच नसते.

पण हा नियम घरात लावून पाहावा. धाकट्या भावाचा अभ्यास व्हावा म्हणून थोरली बहीण पुस्तक मिटते आणि चुलीपाशी जाते. घरातला एकमेव मोबाइल दादाच्या तासिकेसाठी असतो. ताई नंतर बघू म्हणते. ती स्वतःच आपले सौजन्य वाढवते, कोणी तिला सांगत नाही; आणि मग तिचा आकडा तसाच राहून जातो. तो कमी करण्याचा अधिकार तिच्या हाती नसतो. तो आईवडिलांच्या हाती असतो, शिक्षकांच्या हाती असतो. वर्गात शेवटच्या बाकावर बसून कधीच हात वर न करणाऱ्या मुलाचेही तसेच आहे.

शाळेला साठ वर्षे होत आहेत. या साठ वर्षांत पुढे गेलेल्यांची नावे फलकांवर आहेत आणि ती असावीतच. पण दुसऱ्याला वाट देऊन मागे राहिलेल्यांची नावे कुठेही लिहिलेली नाहीत. पालकहो, आज घरी गेल्यावर एकदा पाहावे, आपल्या घरात कोणाचा आकडा १९ वर स्थिरावला आहे. तो खाली आणण्याची आज्ञा आपल्याच हातात आहे, आणि ती वेळेवर द्यावी लागते.