पेप्टाइडची गोळी आणि सकाळचा चहा

बर दुबईतल्या या बैठकीत मधुमेही बरेच आहेत, म्हणून बोलतो. सेमाग्लुटाइड हे पेप्टाइड. नुसते गिळले तर पोटातच पचून जाते. म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या गोळीत ३०० मिलिग्रॅम 'स्नॅक' (खाण्याचे नव्हे!) हे शोषणवर्धक घातले. ते गोळीभोवतीचे आम्ल कमी करते आणि औषध आतड्यातून नव्हे, जठराच्या अस्तरातूनच आत शिरते. तरीही रक्तात पोचते जेमतेम एक टक्का. रोज १४ मिलिग्रॅम म्हणजे आठवड्याला ९८. इंजेक्शनात एक मिलिग्रॅमही पुरतो. सुई टाळायला एवढी नासाडी मला पटत नाही. विमा नसलेल्यांनी डॉक्टरांना दोन्हींचा भाव विचारावा. गोळीच घेणार असाल, तर उपाशीपोटी, अर्धा पेला पाण्याबरोबर घ्या. चहा किमान अर्ध्या तासाने.