पुंडलिकाची वीट
(जीर्णोद्धार समारंभात झालेले भाषण)



मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला, कळस चढला. या मंगल प्रसंगी, ज्याने प्रत्यक्ष देवाला दारात थांबविले त्या भक्त पुंडलिकाचे स्मरण करणे उचित होईल.

पुंडलिक आरंभी आदर्श पुत्र नव्हता. परंपरेने आलेली कथा अशी की, काशीच्या वाटेवर तो स्वतः पत्नीसह घोड्यावर बसलेला आणि वृद्ध मायबाप पायी चाललेले! वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात गंगा, यमुना, सरस्वती यांनी त्याला त्याचा दोष दाखविला. तो परतला आणि मायबापांच्या सेवेला लागला. पुढे पांडुरंग भेटीला आले. हातातली सेवा न सोडता त्याने उभे राहण्यासाठी वीट भिरकावली, आणि देव कमरेवर हात ठेवून तिष्ठत राहिले. आजही वारकऱ्यांच्या जयघोषात पुंडलिकाचे नाव विठ्ठलाच्या आधी येते. चंद्रभागेच्या पात्रातील त्याचे दर्शन घेऊन मगच महाद्वाराकडे जाण्याची रीत आहे.

या कथेत दोन गोष्टी ध्यानी घेण्यासारख्या आहेत. चुकलेला मुलगा सुधारू शकतो, ही पहिली. आणि पुंडलिकाने पाय स्वतःच्या हातांनी चेपले, ही दुसरी. आपल्याकडे सासू-सासऱ्यांचे सारे सून करते आणि श्रावणबाळ म्हणून नाव होते मुलाचे!

पोटापाण्यासाठी मुले मुंबई-पुण्याला गेली, यात त्यांचा दोष नाही. तिथल्या एका खोलीत संसार कसा रेटावा लागतो, हे गावानेही समजून घेतले पाहिजे. पूर्वी घरी मनीऑर्डर येई, आता पैसे बँकेच्या खात्यात जमा होतात. परंतु मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सोबत कोण जाणार? रात्री खोकल्याची उबळ आली तर पाण्याचा तांब्या कोण देणार?

२००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्यानुसार उपेक्षित मायबापांना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते आणि दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. ही जबाबदारी मुलगा व मुलगी दोघांवरही आहे. सांभाळाच्या अटीवर जमीन लिहून घेऊन मुलांनी तोंड फिरविले, तर ते बक्षीसपत्रही रद्द होऊ शकते. ज्यांच्यावर वेळ आली आहे, त्यांनी लाज न बाळगता या कायद्याचा आधार घ्यावा. मात्र कायदा पैसे देववील, शेजारी बसून दोन शब्द बोलणार नाही.

वडीलधाऱ्यांनीही एक गोष्ट मनात धरावी. लेकीसुनांचे कष्ट दिसले की चार माणसांत बोलून दाखवावेत. माया दोन्हीकडून वाहिली तरच घर टिकते.

मंदिरातील संगमरवरी फरशीवर अनेकांनी आईवडिलांच्या स्मरणार्थ देणग्या दिल्या आहेत. ती श्रद्धा वंदनीय आहे. परंतु नावामागे ‘कै.’ लागण्यापूर्वीच ज्यांचे मायबाप घरी वाट पाहत आहेत, त्यांनी आज प्रसाद घेऊन आधी त्यांच्याजवळ जावे, घटकाभर बसावे. गाभाऱ्यातला देव तोवर थांबेल. पुंडलिकासाठी तो युगानुयुगे थांबलाच आहे.