कुलूप आतून हवे



विक्रोळी आणि कुलूप यांचे नाते जुने आहे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी १९५१ साली गोदरेजच्या विक्रोळीतील कारखान्यात बारा लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या तयार झाल्या. प्रत्येक पेटीला बाहेरून कुलूप लावायचे तर खर्च ठरलेल्या मर्यादेत बसत नव्हता. तेव्हा नाथालाल पांचाळ या तेथील कामगाराने पेटीच्या आतच बसणारी कुलपाची रचना सुचवली आणि प्रश्न सुटला. राष्ट्राचे मत सुरक्षित ठेवणारे ते कुलूप एका कामगाराच्या विचारातून आले होते आणि ते आतून लागत होते. सायबर सुरक्षेचा आजचा विषय समजून घेण्यास ही गोष्ट पुरेशी आहे.

त्याच विक्रोळीत आज लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखान्यांच्या शेजारी संगणकीय सेवांच्या इमारती उभ्या आहेत. लहान गाळ्यात चालणाऱ्या उद्योगाचेही वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र, कामगारांचे पगार, ग्राहकांची येणी आणि यंत्रभागांची रेखाचित्रे संगणकात असतात. तिजोरीची जागा बदलली. कुलूप मात्र अजून शटरलाच लावले जाते.

याचा अर्थ काय होतो, हे महाराष्ट्राने ऑगस्ट २०१८मध्ये पाहिले. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली, शतकाहून अधिक परंपरा असलेली संस्था. ११ ऑगस्ट हा महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकेच्या सुट्टीचा दिवस. त्या दिवशी अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून सुमारे १२ हजार व्यवहारांद्वारे सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातही, कोल्हापूरसह अनेक ठिकाणी, बनावट कार्डांनी सुमारे अडीच कोटी काढण्यात आले. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवले गेले. एकूण हानी ९४ कोटी ४२ लाखांची.

ही चोरी झाली कशी? एटीएममध्ये कार्ड घातले की विचारणा ‘स्विच’ या मधल्या यंत्रणेकडे जाते. स्विच ती बँकेच्या मुख्य प्रणालीकडे पाठवतो, तेथे खाते व शिल्लक तपासली जाते आणि मग होकार येतो. चोरांनी बँकेच्या जाळ्यात घातक प्रोग्रॅम घुसवून एक समांतर, खोटा स्विच उभा केला. विचारणा मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचलीच नाही; खोटा स्विच परस्पर होकार देत राहिला. ग्राहकांच्या खात्यांना हातही लागला नाही, म्हणून एकाही खातेदाराला आपले पैसे गेल्याचे दिसले नाही. दरवाजा फोडण्याऐवजी चोराने पहारेकऱ्याचा वेष घातला होता.

विशेष म्हणजे, आदल्याच दिवशी अमेरिकेच्या एफबीआयने जगभरच्या एटीएममधून एकाच वेळी पैसे काढण्याचा कट शिजत असल्याचा गोपनीय इशारा बँकांना दिला होता. इशारे येतच असतात. ते वाचून त्याच दिवशी कृती करणारा माणूस नेमलेला असेल, तरच त्यांचा उपयोग.

पुढे पुणे पोलिसांच्या तपासातून खटला उभा राहिला आणि एप्रिल २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. परंतु ते प्रामुख्याने पैसे काढणारे आणि त्यांना साहाय्य करणारे हात होते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९च्या अहवालात या हल्ल्याचा धागा उत्तर कोरियाशी जोडला. एका सहकारी बँकेसमोर परक्या राष्ट्राची यंत्रणा उभी ठाकू शकते, हे या युगाचे कटू वास्तव आहे.

यावर लहान उद्योजकाचे उत्तर ठरलेले असते : “आमच्याकडे चोरण्यासारखे आहेच काय?” या प्रश्नाचे उत्तर विक्रोळीहून खाडीपलीकडे, न्हावा शेवा बंदरात मिळते. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम पसरला. तो तेथील हिशेबाच्या एका प्रचलित सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतून आला होता. युक्रेनमध्ये व्यवसाय करणाऱ्या मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जाळ्यात तो शिरला आणि तिच्या समूहाकडे असलेल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलचे काम ठप्प झाले. भांडण युक्रेनच्या भूमीवरचे. कंटेनर अडकले रायगड जिल्ह्यात! मर्स्कला ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. कंपनीची हानी २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेली. तिच्या जाळ्याचा कणा असलेल्या माहितीची एकमेव शाबूत प्रत घानामध्ये सापडली. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती, म्हणून तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता! एवढ्या मोठ्या कंपनीला शेवटी योगायोगाने तारले. प्रत्येकाला असा योगायोग लाभेलच असे नाही.

नॉटपेट्या दोन मार्गांनी पसरला. एक, विंडोजमधील एक त्रुटी, जिच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिला होता. दुसरा, संगणकांतून उचललेले अधिकाऱ्यांचे पासवर्ड. म्हणजे अद्ययावत केलेला संगणकही शेजारच्या संगणकावरील सर्वाधिकारी पासवर्डामुळे कोसळू शकत होता. दोन्ही मार्ग आतून बंद करता येण्याजोगे होते.

महाराष्ट्राला ही शिकवण नवी नाही. शिवकालीन गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन बरोबरीचे अधिकारी असत. गड एकट्याच्या हाती नसे. उद्योगातही जो देयक तयार करतो त्यानेच ते मंजूर करू नये. पुरवठादाराचे बँक खाते बदलल्याचे पत्र ईमेलने आले, तर पूर्वीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. रायगडाची हिरकणी सर्वांना ठाऊक आहे. दरवाजे बंद झाल्यावर ती कडा उतरून बाळाकडे गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधला, असे लोककथा सांगते. फट दाखवणाऱ्याला शिक्षा नव्हे, सन्मान. आणि फट लगेच बंद. आपल्या जाळ्याची जाणकारांकडून चाचणी करून घेणे म्हणजे हेच. चुकीच्या दुव्यावर बोट दाबल्याचे तत्काळ सांगणाऱ्या लिपिकावर ओरडणारा मालक पुढच्या वेळी ती बातमी सर्वांत शेवटी ऐकतो.

व्यवसायासाठी करून घेतलेल्या अॅप्लिकेशनलाही हाच न्याय. देयकाचा क्रमांक पत्त्याच्या चौकटीत बदलून पाहिला आणि दुसऱ्याच ग्राहकाचे देयक उघडले, तर ते अॅप्लिकेशन सदोष आहे. प्रत्येक मागणीच्या वेळी ‘हा कोण आणि याला हे पाहण्याचा अधिकार आहे काय’ हे तपासले गेले पाहिजे. बाहेरून भरलेली कोणतीही माहिती पडताळल्याशिवाय स्वीकारता कामा नये. ही अट काम देतानाच करारात लिहावी.

याखेरीज नित्याचे काही नियम आहेत. माहितीच्या प्रती नियमित घ्याव्यात, एक प्रत जाळ्यापासून तोडून दुसऱ्या जागी ठेवावी आणि तीवरून काम पुन्हा उभे राहते का, हे प्रत्यक्ष करून पाहावे. लेखा विभाग, यंत्रे आणि पाहुण्यांचे वायफाय यांची जाळी वेगळी असावीत. नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद व्हावे. महत्त्वाच्या खात्यांना पासवर्डाबरोबर दुसरी ओळख असावी. कॅमेऱ्याचा व राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा. यांतील बहुतेक गोष्टींना पैसा थोडा, शिस्त फार लागते.

कायदाही आता कडक आहे. २००४पासून कार्यरत असलेल्या ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटनांची माहिती सहा तासांत देणे आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणात कसूर झाल्यास २०२३च्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी अडवता येण्याची शक्यता तेवढ्याच काळात असते.

सुरक्षा विकत घेऊन भिंतीवर टांगता येत नाही. महागडे उपकरण बाहेरचे कुलूप आहे; जागरूक कर्मचारी, वाटलेले अधिकार आणि रोजची तपासणी हे आतले. पाऊणशे वर्षांपूर्वी विक्रोळीतील एका कामगाराला पेटी कोठून बंद करावी, हे सुचले आणि त्याचे ऐकले गेले. आजच्या प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक कार्यालयात असा एखादा पांचाळ आहे. उद्या सकाळी कामाला आल्यावर त्याला एवढेच विचारावे : “आपल्याकडे फट कोठे आहे?”